बेडका दोनदा निगेटिव्ह, सीबीनॅट पॉझिटिव्ह : कोणता अहवाल मानायचा?

प्रश्न : माझे सासरे 61 वर्षांचे आहेत आणि त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. दीड महिन्यापासून त्यांना खोकला आहे, संध्याकाळी कणकण येते आणि वजनही उतरले आहे. जवळच्या खासगी प्रयोगशाळेत दोन वेळा बेडका तपासला. दोन्ही वेळा जंतू आढळले नाहीत. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसल्याने डॉक्टरांनी उपजिल्हा रुग्णालयात सीबीनॅट ही जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी करायला सांगितले. तिचा अहवाल ‘एमटीबी डिटेक्टेड, व्हेरी लो; रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ असा आला आहे. त्यांना यापूर्वी कधी टीबी झालेला नाही. घरातली मंडळी म्हणतात, दोन अहवाल निगेटिव्ह असताना एका अहवालावर सहा महिने औषधे कशाला घ्यायची, त्यापेक्षा शहरात जाऊन रक्ताची ‘टीबी गोल्ड’ तपासणी करू. शिवाय माझ्या मावसभावाच्या छातीत पाणी झाले होते, तेव्हा त्या पाण्याची सीबीनॅट निगेटिव्ह येऊनही त्याला टीबीचीच औषधे दिली गेली. मग या चाचणीवर भरवसा ठेवायचा तरी कसा? औषधे सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी ती पुन्हा करावी का? नाव सरकारी नोंदीत गेले तर गावभर होईल, अशीही भीती वाटते. घरात माझी चार वर्षांची मुलगी आहे. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आपण सर्व अहवालांतील शब्द जसेच्या तसे लिहून पाठवले, त्यामुळे स्पष्ट उत्तर देणे शक्य झाले आहे. ते आधीच सांगते. आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत सीबीनॅटचा अहवाल ग्राह्य धरावा, टीबी गोल्डसाठी शहरात जाऊ नये आणि डॉक्टरांनी सांगितलेली औषधे या आठवड्यातच सुरू करावीत. पहिले दोन अहवाल खोटे होते असे मी म्हणत नाही. ते आणि सीबीनॅट हे तिन्ही अहवाल एकाच वेळी खरे असू शकतात, आणि ते कसे, हे घरातील वडीलधाऱ्यांना नीट समजले तर औषधांना होणारा विरोध आपोआप मावळेल, अशी मला आशा आहे.

बेडक्याची साधी तपासणी म्हणजे काचपट्टीवर बेडका पसरून, तो वाळवून, रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहणे. 1882 साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला, त्याच काळात ही रंग देण्याची पद्धत आकाराला आली आणि थोड्याफार सुधारणांसह ती आजही चालू आहे. तंत्रज्ञ निळ्या पार्श्वभूमीवर लाल, बारीक काड्यांसारखे जंतू शोधत एकामागून एक क्षेत्र सरकवत जातो आणि निदान शंभर क्षेत्रे पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहू नये, असा दंडक आहे. तरीही या पद्धतीची एक मर्यादा कोणत्याही कुशल डोळ्याला ओलांडता येत नाही. एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असले तरच ते काचपट्टीवर सापडण्याची खात्रीशीर शक्यता असते. पोत्यातले मूठभर गहू चाळून त्यात खडा नाही म्हटले, म्हणून पोत्यात खडाच नाही असे होत नाही. ‘जंतू आढळले नाहीत’ या शब्दांचा अर्थ तेवढाच घ्यावा. टीबी नाही, असे त्या अहवालाने कधीच म्हटलेले नव्हते.

सीबीनॅट निराळ्या मार्गाने जाते. ती जंतू पाहत नाही, जंतूच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा शोधते आणि सापडला तर त्याच्या प्रती वाढवत नेते. बेडक्यात एक द्रावण मिसळून तो पातळ आणि निर्धोक केला जातो, पंधरा मिनिटांनी तो प्लास्टिकच्या एका बंद कार्ट्रिजमध्ये घालतात आणि कार्ट्रिज यंत्रात ठेवले की पुढचे सारे काम माणसाचा हात न लागता आतल्या आतच होते. यंत्र जंतू गाळून धुऊन घेते, ध्वनिलहरींनी त्यांची भिंत फोडते, डीएनए बाहेर काढते आणि मग तापवणे व निववणे यांची आवर्तने सुरू करते. प्रत्येक आवर्तनात त्या तुकड्याची एक प्रत असेल तर दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. असे तीस वेळा झाले की एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती तयार होतात. त्यांना चिकटणारे चमकणारे रेणू आधीच आत घातलेले असल्याने यंत्राच्या संवेदकाला तो प्रकाश दिसतो आणि दोन तासांच्या आत उत्तर मिळते. काचपट्टीला जिथे हजारोंनी जंतू लागतात, तिथे या चाचणीला मिलिलिटरमागे शंभर-सव्वाशे जंतू पुरतात, आणि ‘अल्ट्रा’ नावाच्या नव्या कार्ट्रिजला तर त्याहूनही पुष्कळ कमी. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 च्या डिसेंबरमध्ये या पद्धतीला मान्यता दिली. आपल्याकडे याच तत्त्वावर चालणारी ‘ट्रूनॅट’ नावाची चाचणी गोव्यातील मोलबायो या कंपनीने आणली आहे. तिचे यंत्र लहान आणि बॅटरीवर चालणारे असल्याने जिथे वीज आणि वातानुकूलन यांचा भरवसा नाही अशा आरोग्य केंद्रांतही ते ठेवता येते, आणि 2020 साली तिलाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. कोणाला सीबीनॅटऐवजी ट्रूनॅटचा अहवाल मिळाला, तर त्याला कमी दर्जाचा समजू नये.

आपल्या अहवालातील ‘एमटीबी डिटेक्टेड’ म्हणजे टीबीचा जंतू सापडला. आता त्यातील ‘व्हेरी लो’ या शब्दांकडे वळू, कारण घरातील बहुतेक गोंधळ त्यांच्यापाशी आहे असे दिसते. प्रकाश जितक्या लवकरच्या आवर्तनात दिसतो तितके जंतू अधिक, आणि जितका उशिरा दिसतो तितके कमी, या हिशेबाने यंत्र हाय, मीडियम, लो आणि व्हेरी लो अशा पायऱ्या लावते. व्हेरी लो म्हणजे नमुन्यात जंतू फार थोडे होते, म्हणजेच काचपट्टीवर ते न दिसणे हेच अपेक्षित होते. तुमचे तीन अहवाल एकमेकांशी भांडत नाहीत, ते एकच गोष्ट सांगत आहेत : आजार आहे, आणि बेडक्यातील जंतूंची संख्या अजून वाढलेली नाही. आजार या टप्प्यावर सापडणे ही घरातील सर्वांच्याच दृष्टीने चांगली गोष्ट आहे. ‘व्हेरी लो’चा अर्थ ‘जवळजवळ निगेटिव्ह’ असा लावून लोक औषधे पुढे ढकलतात आणि दोन-तीन महिन्यांनी पोकळी पडलेले फुप्फुस घेऊन परत येतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

मात्र मी केवळ त्या एका ओळीवर हे सांगत नाही. आपण पत्रात ‘यापूर्वी कधी टीबी झालेला नाही’ असे लिहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने ते वाक्य एक्स-रेइतकेच महत्त्वाचे आहे. ही चाचणी डीएनए शोधते, आणि डीएनए जिवंत जंतूचा आहे की मेलेल्या, हे तिला कळत नाही. ज्याने मागील काही वर्षांत टीबीचे उपचार पूर्ण केले आहेत, त्याच्या बेडक्यात मृत जंतूंचे अवशेष अधूनमधून येऊ शकतात आणि अशा माणसाचा ‘व्हेरी लो’ किंवा अल्ट्रामधील ‘ट्रेस’ (व्हेरी लोच्याही खालची पायरी) असा अहवाल जपून वाचावा लागतो, त्यासाठी कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीची, वाट पाहावी लागते. त्याचप्रमाणे एखाद्याला काहीच लक्षणे नसती, एक्स-रे स्वच्छ असता आणि तरीही ‘व्हेरी लो’ आले असते, तर नमुन्यांची अदलाबदल झाली आहे का हे पाहून नव्या बेडक्यावर चाचणी पुन्हा करून घ्या, असे मीच सांगितले असते. आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत दीड महिन्याचा खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेले वजन, टीबी ज्या जागी हमखास बसतो त्या वरच्या भागातील डाग आणि टीबीचा धोका दोन ते तीन पटींनी वाढवणारा मधुमेह, हे सर्व एकाच दिशेने बोट दाखवत आहे. इतक्या साक्षी असताना आणखी एक अहवाल मिळवणे म्हणजे फक्त वेळ घालवणे होय.

अहवालाचा दुसरा अर्धा भाग, ‘रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’, लोक बहुधा वाचतच नाहीत, आणि मला तर तोच या चाचणीचा सर्वांत मोठा उपकार वाटतो. रिफाम्पिसिन हे टीबीच्या उपचारातील मुख्य औषध. त्याला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे 95 टक्के जंतूंमध्ये बिघाड आरपीओबी या जनुकाच्या 81 अक्षरांच्या एका छोट्याशा पट्ट्यात झालेला असतो. चाचणी नेमका हाच पट्टा तपासते, त्यामुळे जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला दाद देईल का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच बैठकीत मिळतात. पूर्वी हेच उत्तर मिळण्यासाठी जंतू प्रयोगशाळेत वाढवावे लागत, आणि टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायला जवळपास एक दिवस लागत असल्याने अहवाल हाती येईपर्यंत दीड-दोन महिने सहज जात. त्या काळात दाद न देणाऱ्या जंतूचा रुग्ण चुकीच्या गोळ्या घेत राही आणि घरात तोच जंतू पसरवत राही. 2012 च्या सुरुवातीला मुंबईतील काही रुग्णांच्या जंतूंवर तपासलेली सगळीच औषधे निष्प्रभ ठरल्याच्या बातम्यांनी देश हादरला होता, आणि औषधरोधाची तपासणी उपचाराच्या सुरुवातीलाच होणे किती आवश्यक आहे हे त्या वेळी अनेकांच्या ध्यानात आले. आज सरकारी कार्यक्रमाचे धोरणच असे आहे की प्रत्येक रुग्णाची ही तपासणी सुरुवातीलाच व्हावी.

येथे एक बारकावा सांगणे भाग आहे. रिफाम्पिसिन लागू पडेल एवढेच या अहवालाने सांगितले आहे. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाविषयी हे कार्ट्रिज काहीच सांगत नाही. त्यासाठी एलपीए नावाची वेगळी चाचणी असते, ती पुणे किंवा नागपूर यांसारख्या ठिकाणच्या मोठ्या प्रयोगशाळांत होते, आणि थेट बेडक्यावर ती करायची तर त्यात जंतू भरपूर असावे लागतात. आपल्या सासऱ्यांच्या बेडक्यात ते थोडे असल्याने आधी कल्चरवर वाढवून मग एलपीए करावी लागेल. म्हणून औषधाची पहिली मात्रा घेण्यापूर्वी बेडक्याचा आणखी एक चांगला नमुना कल्चरसाठी पाठवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्या अहवालासाठी औषधे मात्र थांबवायची नाहीत. आणि ‘व्हेरी लो’सोबत ‘रिफ रेझिस्टन्स डिटेक्टेड’ असा अहवाल कोणाला आला तर घाबरून न जाता नव्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करून मागावी, कारण जंतू फार कमी असताना यंत्राचा या बाबतीतला निष्कर्ष क्वचित चुकू शकतो. कधी ‘इन्व्हॅलिड’ किंवा ‘एरर’ असेही छापून येते. प्रत्येक कार्ट्रिजमध्ये एका निरुपद्रवी जंतूचे बीजाणू मुद्दाम ठेवलेले असतात, आणि टीबीचा जंतू सापडत नसताना तेही यंत्राला सापडले नाहीत तर आतील प्रक्रियाच नीट झाली नाही असे समजून ते उत्तर देण्याचे नाकारते. अशा अहवालाला निगेटिव्ह समजू नये, चाचणी पुन्हा करावी.

आता टीबी गोल्ड. ही रक्ताची तपासणी आपल्या शरीराची टीबीच्या जंतूशी कधी गाठ पडली आहे का, एवढेच पाहते. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरील सुमारे 31 टक्के भारतीयांच्या शरीरात टीबीचा संसर्ग असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांना आयुष्यभर टीबीचा आजार होत नाही. म्हणजे आपल्या सासऱ्यांची टीबी गोल्ड पॉझिटिव्ह आली तरी नवे काही कळणार नाही. ती निगेटिव्ह आली तर अधिकच वाईट, कारण वय, मधुमेह आणि चालू आजार यांमुळे शरीराचा प्रतिसाद मंदावलेला असू शकतो, आणि घरातील मंडळी त्या कागदाच्या आधारे औषधे नाकारतील. रक्तातील प्रतिपिंडे पाहून टीबीचे निदान करणाऱ्या तपासण्या तर इतक्या बेभरवशाच्या ठरल्या की जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये त्यांच्या विरोधात शिफारस केली आणि भारत सरकारने 2012 मध्ये त्यांवर बंदी घातली. फुप्फुसाच्या टीबीचे निदान बेडक्यातच शोधावे, रक्तात शोधू नये, हे परिचितांनाही आवर्जून सांगा.

आपल्या मावसभावाचे उदाहरण या सर्वांच्या उलट बाजूचे आहे आणि ते आपण विचारले हे फार बरे केले. छातीत होणारे पाणी हे बहुतांशी जंतूंविरुद्ध शरीराने दिलेल्या तीव्र प्रतिसादाचा परिणाम असते. जंतू फुप्फुसाच्या आवरणात असतात आणि पाण्यात ते फार थोडे उतरतात. म्हणून त्या पाण्यावर सीबीनॅट केली तर खरोखर टीबी असलेल्यांपैकी निम्म्या किंवा त्याहूनही कमी रुग्णांतच ती पॉझिटिव्ह येते. तिथे डॉक्टर पाण्यातील पेशींचे प्रकार, प्रथिने, एडीए हे विकर, रुग्णाचे वय आणि लक्षणे यांवरून निर्णय घेतात, आणि तसा निर्णय घेणे शास्त्राला धरूनच आहे. पॉझिटिव्ह आली तर या चाचणीवर सहसा विश्वास ठेवता येतो; निगेटिव्ह आली तर नमुना कुठला होता आणि कसा घेतला होता, हे आधी विचारावे लागते. बेडक्यातही, काचपट्टीवर जंतू न दिसलेल्या पण कल्चरमध्ये वाढलेल्या रुग्णांपैकी जवळपास एकतृतीयांश रुग्ण जुन्या कार्ट्रिजच्या हातून सुटतात. तेव्हा निगेटिव्ह सीबीनॅट दाखवून ‘मला टीबी नाही’ असे म्हणणाऱ्याचा खोकला थांबत नसेल, तर त्याने डॉक्टरांकडे परत गेले पाहिजे.

नमुन्याविषयी इतक्या कळकळीने लिहिण्याचे कारण असे की कितीही महागडे यंत्र असले तरी डबीत थुंकी दिली तर ते थुंकीच तपासणार. सकाळी उठल्यावर, काही खाण्यापूर्वी, साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन खोल श्वास घ्यावेत आणि छातीतून जोराने खोकून आलेला घट्ट, पिवळसर बेडका थेट डबीत घ्यावा. दोन ते पाच मिलिलिटर पुरतो. हे काम मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर करावे, आणि डबी घट्ट बंद करून त्याच दिवशी पोहोचवावी. आपण कल्चरसाठी पुढचा नमुना द्याल तेव्हा हे कटाक्षाने पाळा. गाठीतून किंवा शरीराच्या आतल्या भागातून काढलेल्या तुकड्याच्या बाबतीत एक चूक आपल्याकडे वारंवार होते. शस्त्रक्रियेनंतर सगळा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात, त्यात जंतू मरतात, आणि मग कल्चर अशक्य होते व डीएनएची तपासणीही बिघडते. ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल त्यांनी शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना विनंती करावी की थोडा भाग साध्या सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीसाठी वेगळा ठेवावा. मानेच्या गाठीतून सुईने काढलेल्या नमुन्यात ही चाचणी उत्तम काम करते, आणि मेंदूच्या आवरणाच्या टीबीत तर पाठीच्या पाण्यावर ती तातडीने केल्याने जीव वाचू शकतो, जरी तिथेही निगेटिव्ह अहवालाने टीबी नाकारता येत नाही.

पत्राशी थेट संबंध नसला तरी याच ओघात एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. मूल होत नाही म्हणून उपचार घेणाऱ्या अनेक स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरावर खासगी प्रयोगशाळांत ‘टीबी पीसीआर’ करून, तो पॉझिटिव्ह आला एवढ्याच आधारावर, सहा-सहा महिने औषधे दिली जातात. पीसीआर म्हणजे वर सांगितलेली डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत. तत्त्व तेच असले तरी उघड्या नळ्यांत, ठिकठिकाणच्या आपापल्या पद्धतीने केलेल्या तपासणीत आधीच्या नमुन्याचा एखादा डीएनए-कण उडून पुढच्यात पडला तरी तो कोट्यवधी पटींनी वाढतो, आणि ज्या स्त्रीला आजार नाही तिच्या माथी तो मारला जातो. कार्ट्रिज बंद ठेवण्यामागे हेच कारण आहे. अशा अहवालावर, दुसरा कोणताही पुरावा नसताना, औषधे सुरू करू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

दोन महिन्यांनी सीबीनॅट पुन्हा करावी का, असे आपण विचारले आहे. बरे होण्याची खूण म्हणून ती करू नये. औषधांनी मेलेले जंतू पुढे कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने, बेडक्यातून बाहेर पडत राहतात आणि चाचणी त्यांचा डीएनए पकडून ‘डिटेक्टेड’ म्हणत राहते. उपचार उत्तम चाललेले असताना असा कागद हातात पडला की रुग्ण खचतो आणि कधी कधी औषधेच सोडून देतो. दोन महिन्यांनी आणि उपचाराच्या शेवटी बेडका काचपट्टीवर, तीच जुनी पद्धत वापरून, तपासायचा असतो; गरजेप्रमाणे कल्चर करायचे असते; त्याबरोबर वजन, भूक, ताप आणि एक्स-रे पाहायचा असतो. जर दोन महिन्यांनंतरही काचपट्टीवर जंतू दिसले किंवा तब्येत सुधारलीच नाही, तर मात्र सीबीनॅट करावी लागते, पण त्या वेळी तिला विचारायचा प्रश्न वेगळा असतो : जंतू आता रिफाम्पिसिनला दाद देईनासा झाला आहे का? मधुमेहाकडेही लक्ष असू द्या. रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो, तेव्हा औषधे सुरू झाल्यावर साखर वारंवार तपासून घ्या आणि दोन्ही आजारांचे डॉक्टर वेगळे असतील तर एकाच्या गोळ्यांची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवा. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणीही केली जाते. ती सरसकट असते, त्यामुळे कोणी मनाला लावून घेऊ नये.

नाव नोंदवण्याच्या भीतीबद्दल थोडक्यात. टीबीच्या रुग्णाची नोंद करणे 2012 पासून सरकारी आणि खासगी अशा सर्व डॉक्टरांना बंधनकारक आहे. निक्षय या सरकारी संगणक प्रणालीतील ही नोंद उपचारांच्या पाठपुराव्यासाठी असते, ती गावच्या फलकावर लागत नाही. तिच्यामुळेच चाचण्या आणि औषधे मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा 1000 रुपयांप्रमाणे मदत थेट बँक खात्यात येते. आशाताई घरी आल्या तर त्यांना दारातून परत पाठवू नका, पण भेटीची वेळ आपल्या सोयीची ठेवा अशी विनंती त्यांना अवश्य करता येईल.

राहिला प्रश्न आपल्या मुलीचा, आणि खरे तर तो सर्वांत आधी हाती घेण्यासारखा आहे. सासऱ्यांच्या बेडक्यात जंतू थोडे असल्याने त्यांच्यापासून संसर्ग होण्याची शक्यता तुलनेने कमी आहे, पण ती शून्य नाही, आणि पाच वर्षांखालील मुलांत संसर्गाचे रूपांतर गंभीर आजारात लवकर होते. औषधे सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे सासऱ्यांनी हवेशीर खोलीत वेगळे झोपावे आणि मुलीजवळ असताना तोंडाला मास्क किंवा रुमाल बांधावा. भांडीकुंडी वेगळी करण्याची काहीच गरज नाही, कारण हा रोग खोकल्यातून हवेवाटे पसरतो. घरातील सर्व मोठ्या माणसांनी लक्षणे असोत वा नसोत, एकदा छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. मी वर उल्लेख केलेल्या सर्वेक्षणात एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्ण सुटून गेले असते. मुलीला उपजिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांकडे सासऱ्यांचा अहवाल घेऊन जा, तिचे वजन करून घ्या, आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, वजन न वाढणे, खेळण्यात रस न वाटणे किंवा मानेला गाठ यांपैकी काही असेल तर ते स्पष्ट सांगा. यांपैकी काहीही नसेल आणि तपासणीतही आजार दिसला नाही, तर तिला प्रतिबंधक औषध द्यायचे असते, उदाहरणार्थ वजनाच्या हिशेबाने आयसोनियाझिड रोज सहा महिने. या वयात त्यासाठी आधी टीबी गोल्डची अट नाही. आणि आजाराची शंका आलीच, तर एवढ्या लहान मुलांना बेडका काढता येत नाही म्हणून तपासणी अडत नाही. सकाळी उपाशीपोटी नाकातून बारीक नळी घालून पोटातील द्रव घेतात, कारण रात्री गिळलेला बेडका त्यात असतो, आणि तो सीबीनॅटला चालतो. काही ठिकाणी शौचाचा नमुनाही चालतो. तिच्या अहवालाबाबत काही शंका राहिली तर त्यातील शब्द आत्तासारखेच जसेच्या तसे लिहून मला कळवा.